बॉल सोडा, त्या पाच जणांकडे बघा

मागच्या अंकात मी इथल्या अमेरिकन कॉलेज फुटबॉलवर (हातात बॉल घेऊन पळायचा तो खेळ) थोडंसं लिहिलं होतं, म्हणजे शनिवारी आमचं अख्खं अ‍ॅन आर्बर, मिशिगन युनिव्हर्सिटीचं गाव, स्टेडियमकडे कसं चालत निघतं आणि आम्ही मराठी लोकसुद्धा त्यात कसे ओढले जातो एवढंच, आणि शेवटी म्हटलं होतं की काही विचारायचं असेल तर विचारा. तुम्ही खरंच विचारलंत. पत्रं वाचताना लक्षात आलं की बहुतेक सगळी दोनच गोष्टींवर आहेत, ब्लॉकिंग (समोरच्याला अंगाने अडवणं) आणि स्टेडियममधला आवाज, आणि माझ्या मते या दोन गोष्टी वेगळ्या नाहीतच, ते कसं ते पुढे येईल.

माझा मुलगा कोलंबसला ओहायो स्टेटमध्ये एमएस करतोय. त्याने व्हिडिओ कॉलवर मॅच लावून दिली, तीन तास बघितली, पण बॉल कुठे गेला तेच कळत नाही आणि दर वेळी मधली आडदांड पोरं एकमेकांवर आदळतात. त्यांना बॉल तर कधी मिळतच नाही. मग ते नेमकं करतात काय? — एक वडील, नाशिक

तुम्ही बरोबर जागी बघताय, फक्त त्याला नाव माहीत नाही. पुढच्या मॅचला बॉल सोडून द्या आणि त्या पाच जणांकडे बघा. मधला सेंटर, तो बॉल पायातून मागे देतो, त्याच्या दोन्ही बाजूंना दोन गार्ड, आणि त्यांच्या बाहेर दोन टॅकल. त्यांच्या शर्टावर ५० ते ७९ मधलाच नंबर असतो म्हणून ओळखायला सोपे. नियमाप्रमाणे त्यांनी पुढे पळत जाऊन पास झेलायचा नाही, म्हणजे त्यांचं काम एकच, समोरच्याला हलवणं नाहीतर अडवणं. चार चान्समध्ये १० यार्ड पुढे जायचं असतं आणि ते १० यार्ड कागदावर कोणाच्याही नावावर लागले तरी जमीन मोकळी करून देतात ती हीच पोरं.

आता अडवायचं म्हणजे काहीही करायचं असं नाही. हात उघडे ठेवून समोरच्याच्या छातीवर मारता येतात, आत पकडही घेता येते, पण तो निसटून जायला लागला आणि तुम्ही शर्ट धरून ओढलंत की झालं होल्डिंग, पंचाचं पिवळं फडकं जमिनीवर पडतं आणि १० यार्ड मागे. म्हणून सगळी ताकद पायांतून आणि कंबरेतून काढावी लागते. १३५-१४० किलोचा पोरगा गुडघ्यात वाकून पहिलं पाऊल जेमतेम वीतभर टाकतो, दुसरं पाऊल जमिनीवर टेकायच्या आधी त्याचे हात समोरच्याच्या छातीवर पोचलेले पाहिजेत, आणि ज्याचे खांदे खाली तो जिंकतो. कुस्ती बघितलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

आणि तुमचा मुलगा ओहायो स्टेटमध्ये आहे म्हणून एक नाव सांगतो, ऑर्लँडो पेस. १९९६ साली तो तिथे टॅकल होता. समोरच्याला पार उताणं पाडलं की त्याला इथे पॅनकेक म्हणतात, म्हणजे आपल्या भाषेत थालीपीठ थापलं म्हणा, तर पेसच्या प्रचारासाठी त्यांच्या ऑफिसने पॅनकेकच्या आकाराचे फ्रिजवर लावायचे मॅग्नेट वाटले होते. देशातल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणाऱ्या हाइसमन ट्रॉफीच्या मतदानात तो चौथा आला, आणि हे बक्षीस बहुतेक वेळा क्वार्टरबॅक (सेंटरकडून बॉल घेऊन पास देणारा) नाहीतर पळणाऱ्यांनाच जातं, म्हणजे बॉलला हात न लावणाऱ्या पोराचं चौथं येणं किती मोठं ते बघा. मी मिशिगनवाला आहे, ओहायो स्टेटचं कौतुक माझ्या तोंडातून सहजासहजी निघत नाही, पण पेसला मान दिलाच पाहिजे.

काका, मी या वर्षीच अ‍ॅन आर्बरला आलोय, रूमवर सगळे झोन ब्लॉकिंग आणि गॅप ब्लॉकिंग यावरून वाद घालतात, मी नुसता मान डोलावतो. फरक काय? आणि भारी कोणतं? — एक विद्यार्थी, मूळ गाव सातारा

मान डोलवणं बंद कर, दहा मिनिटांत कळेल असं आहे हे.

झोनमध्ये पाचही जण एकाच दिशेने पाऊल टाकतात, समज उजवीकडे. कोणाला ठरलेला माणूस नाही, ठरलेला पट्टा आहे, त्या पट्ट्यात जो येईल तो तुझा. शेजारशेजारचे दोघं मिळून आधी समोरच्या जाड्याला ढकलतात आणि त्याचा तोल गेला की दोघांतला एक सुटून लाईनबॅकरवर, म्हणजे त्या जाड्यांच्या मागे उभ्या असलेल्या डिफेन्सवाल्यावर, जातो. कोण सुटणार हे आधी ठरलेलं नसतं, लाईनबॅकर ज्या बाजूने येईल त्या बाजूचा सुटतो, म्हणजे पळता पळता दोघांना एकच गोष्ट एकाच वेळी कळली पाहिजे. बॉल घेतलेला पोरगा थोडा थांबून बघतो की भिंत कुठे फुटली आणि एकदाच वळून आत घुसतो.

गॅपमध्ये सगळं आधीच ठरलेलं. ज्या बाजूला जायचं त्या बाजूचे सगळे आतल्या बाजूला कोन धरून ढकलतात, म्हणजे समोरच्याला त्याच्या बरगडीतून घ्यायचं, छातीतून नाही, आणि पलीकडच्या बाजूचा गार्ड आपली जागा सोडून मागून वळसा घालून येतो आणि उघड्या पडलेल्या माणसावर धडकतो. याला पॉवर म्हणतात. गार्डबरोबर आणखी एक जण, बऱ्याचदा टॅकल, वळसा घालून आला की ते काउंटर. काउंटरमध्ये बॉल घेणारा आधी उलट्या दिशेला एक पाऊल टाकतो, लाईनबॅकर फसून तिकडे झुकतात आणि तेवढ्यात हे दोन रेडे वळसा घालून पोचलेले असतात.

भारी कोणतं विचारतोस तर मी काउंटरवाला. झोन हुशार आहे, कमी चुका होतात, समोर कुठलाही डिफेन्स असला तरी चालतं, हे सगळं मान्य, पण १४० किलोचा माणूस आपली जागा सोडून आडवा पळत येतोय हे बघण्यासारखं दुसरं काही या खेळात नाही. नेब्रास्काचे लोक १९९५ सालच्या ज्या लाईनबद्दल, म्हणजे त्या पाच जणांच्या ओळीबद्दल, अजून बोलतात तिला ते पाइपलाइन म्हणायचे, त्या वर्षी त्यांची नुसती पळून सरासरी मॅचला जवळपास ४०० यार्ड होती आणि शेवटच्या मॅचला, फिएस्टा बोलमध्ये, फ्लोरिडाविरुद्ध ५२४ यार्ड पळाले, ६२-२४ ने जिंकले. त्याचे जुने व्हिडिओ बघ, बॉल झाकून बघ असं म्हणेन मी, फक्त लाईन.

आणि आपल्याच युनिव्हर्सिटीचं माहीत असू दे, २०१५ पासून दर वर्षी देशातल्या सर्वोत्तम लाईनला ‘जो मूर’ (Joe Moore) अवॉर्ड देतात, एका खेळाडूला नाही तर सगळ्या लाईनला मिळून, आणि ते लागोपाठ दोनदा पहिल्यांदा मिळवलं ते मिशिगनने, २०२१ आणि २०२२. रूमवर हे सांग आणि मग गप्प बस.

मी तालमीत वाढलेलो माणूस. आमच्यात पट काढणं हा पहिला डाव. तुमच्या या फुटबॉलमध्ये खाली वाकून पायात घुसायला चालतं का? — एक वाचक, कोल्हापूर

चालायचं, खूप चालायचं, आता कमी झालंय. हाताने पाय धरून ओढणं ब्लॉक करणाऱ्याला कधीच चालत नाही, पण खांद्याने समोरच्याच्या मांडीत किंवा गुडघ्यात घुसून त्याला खाली पाडणं याला कट ब्लॉक म्हणतात. लहान अंगाच्या पोराला मोठ्याविरुद्ध हाच उपाय, ते तुम्हाला तालमीत शिकवलेलंच असेल.

पण गुडघे जातात. म्हणून नियम हळूहळू आवळत आणले. एकाने समोरच्याला वर छातीत धरलंय आणि दुसरा त्याच वेळी खाली पायात घुसला तर तो चॉप ब्लॉक, १५ यार्डांची शिक्षा, कारण वर अडकलेल्या माणसाला पाय वाचवायला जागाच राहत नाही. आणि २०२२ पासून कमरेखालचा ब्लॉक फक्त मधल्या पट्ट्यात, दोन टॅकलच्या आतल्या चौकोनात, तोही लाईनवाल्यांनी आणि जागेवर उभ्या असलेल्या पळणाऱ्यांनीच करायचा, मोकळ्या मैदानात पळत जाऊन कोणाच्या गुडघ्यात घुसणं बंद. मला हा नियम योग्य वाटतो. वीस वर्षांच्या पोराचा गुडघा एकदा गेला की तो पुढची पन्नास वर्षं जिना चढताना आठवतो.

याचा जास्त त्रास झाला तो आर्मी, नेव्ही आणि एअरफोर्स या लष्करी कॉलेजांच्या टीमना, कारण त्यांची पोरं अंगाने लहान असतात आणि ते वर्षानुवर्षं ट्रिपल ऑप्शन खेळत आलेत, म्हणजे डिफेन्सच्या एकदोन माणसांना मुद्दाम अडवायचंच नाही, तो काय करतो ते बघून क्वार्टरबॅकने ठरवायचं की बॉल आत द्यायचा, स्वतः पळायचं की बाहेर फेकायचा, आणि बाकीच्यांना खालून कापायचं. नियम बदलल्यावर त्यांनी खेळ बदलला. आणि २०२४ मध्ये तो ‘जो मूर’ अवॉर्ड कोणाला गेला माहितीये? आर्मीच्या लाईनला. त्या वर्षी पळून यार्ड काढण्यात ते देशात पहिले होते. तालमीत हे जरूर सांगा.

स्टेडियममध्ये लोक इतके ओरडतात त्याने खेळावर खरंच काही फरक पडतो का, का नुसती हुल्लड? आमच्याकडे क्रिकेटलाही ओरडतात, बॉलर बॉल टाकतोच. — एक वाचक, डोंबिवली

हा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण क्रिकेटचं उदाहरण तुम्ही दिलंत तिथेच उत्तर आहे. क्रिकेटमध्ये बॉल टाकायला कोणाचं काही ऐकावं लागत नाही. इथे लागतं. पाच जणांना आणि टीममधल्या बाकीच्या सहा जणांना एकाच क्षणी हलायचं असतं आणि तो क्षण क्वार्टरबॅक ओरडून सांगतो, त्यालाच स्नॅप काउंट म्हणतात. ऑफेन्सकडे, म्हणजे बॉल ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे, हे एकच मोठं शस्त्र आहे, की कधी हलायचं ते आपल्याला माहीत आहे आणि समोरच्याला नाही. क्वार्टरबॅक आवाज वरखाली करून समोरच्याला फसवतो, तो आधी हलला की त्याला ५ यार्डांची शिक्षा.

आता एक लाख लोक ओरडले की हे शस्त्र हातातून जातं. दोन फुटांवरच्या माणसाचं ऐकू येत नाही, हे मी वाढवून सांगत नाही, खरंच येत नाही. मग ते मुका काउंट वापरतात. सेंटर मान खाली घालून पायांच्या मधून मागे बघतो, क्वार्टरबॅक पाय उचलून खूण करतो, सेंटर मान वर करतो आणि मनात ठरलेले आकडे मोजून बॉल देतो. किंवा गार्ड मागे वळून बघतो, खूण दिसली की सेंटरच्या अंगावर थाप मारतो. आणि सगळ्यात टोकाला उभा आहे तो टॅकल, त्याला ना ऐकू येत ना नीट दिसत, तो मान तिरकी करून बॉलकडे बघतो आणि बॉल हलला की हलतो. पण समोरचा डिफेन्सवालासुद्धा बॉलच बघत असतो! म्हणजे जो अर्धा पाऊल फायदा टॅकलचा होता तो गेला, दोघं एकाच वेळी निघाले, आणि समोरचा हलका आणि चपळ आहे. घाबरून टॅकल थोडा आधी हलला तर फॉल्स स्टार्ट, ५ यार्ड मागे. उशिरा हलला तर त्याच्या बाजूने माणूस घुसून क्वार्टरबॅक आडवा.

म्हणून मी वर म्हटलं की ब्लॉकिंग आणि आवाज वेगळे नाहीत. प्रेक्षकांचा आवाज बॉलवर पडत नाही, तो त्या पाच जणांवर पडतो.

मी हे डोळ्यांनी पाहिलं ते २७ नोव्हेंबर २०२१ ला. ओहायो स्टेट आमच्याकडे आले होते. २०११ नंतर आम्ही त्यांना एकदाही हरवलं नव्हतं, ओळीने आठ वेळा हरलो होतो, आणि इथे राहिल्याशिवाय कळणार नाही की त्या हरण्याने गावातलं थँक्सगिव्हिंग कसं कडू होतं. बर्फ भुरभुरत होतं, एक लाख अकरा हजारांच्या वर लोक, आणि पहिल्यापासून त्यांचा बॉल आला की उभं राहायचं हे कोणी सांगितलं नव्हतं तरी सगळे उभे. त्यांची लाईन पुन्हापुन्हा आधी हलत होती, फॉल्स स्टार्ट, फडकं, ५ यार्ड मागे, परत फॉल्स स्टार्ट, आणि दर फडक्याला आवाज आणखी वाढत होता कारण लोकांना कळत होतं की हे आपण केलंय. आमचा एडन हचिन्सन कडेने येऊन तीनदा त्यांच्या क्वार्टरबॅकला पाडून गेला. तो अफाट खेळाडू आहेच, पण समोरचा टॅकल ऐकू शकत नव्हता हेही खरं. ४२-२७. माझा घसा चार दिवस बसला होता, सोमवारी ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी लिहून दाखवत होतो.

एक पुरवणी, तुमच्यापैकी कोणीतरी विचारेलच म्हणून. २०२४ पासून मोठ्या कॉलेजांच्या मॅचमध्ये कोचला एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये बोलता येतं, घड्याळात १५ सेकंद उरले की ते बंद होतं. पण त्याने कोचचा आवाज क्वार्टरबॅकपर्यंत पोचतो, क्वार्टरबॅकचा टॅकलपर्यंत नाही. त्यामुळे ओरडायचं काम संपलेलं नाही.

लुईझियानात कॉलेजच्या मॅचमुळे भूकंप झाला होता असं नवरा सांगतो. मला पटत नाही. — एक वाचक, ह्यूस्टन

यजमानांचं बरोबर आहे, फक्त भूकंप म्हणजे आपल्या कोयनेसारखा नाही. ८ ऑक्टोबर १९८८, बॅटन रूजचं टायगर स्टेडियम, एलएसयू, म्हणजे लुईझियाना स्टेट, विरुद्ध ऑबर्न. एलएसयू अख्खी मॅच शून्यावर, ०-६ ने मागे, दोन मिनिटांपेक्षा कमी वेळ उरलेला आणि चौथा डाऊन, म्हणजे शेवटचा चान्स. टॉमी हॉडसनने एडी फुलरला पास दिला, टचडाऊन, म्हणजे बॉल मैदानाच्या पलीकडच्या टोकाच्या पट्ट्यात पोचला, आणि ७-६. लोक असे नाचले की त्याच कॅम्पसमधल्या जिऑलॉजी विभागाच्या भूकंपमापकावर त्याची रेघ उमटली. दुसऱ्या दिवशी ती कागदावर दिसली आणि तेव्हापासून त्या मॅचचं नावच भूकंपाची मॅच.

ह्यूस्टनला आहात तर कॉलेज स्टेशन दूर नाही, टेक्सस ए अँड एम युनिव्हर्सिटीचं कायल फील्ड स्टेडियम एकदा बघाच. तिथे विद्यार्थी मॅचभर बसतच नाहीत. त्यामागे गोष्ट आहे, २ जानेवारी १९२२ ला डॅलसमध्ये सेंटर कॉलेजविरुद्ध मॅच होती, पोरं जखमी होत चालली होती, कोचला वाटलं माणसंच उरणार नाहीत, तेव्हा वर बसलेल्या ई. किंग गिल या विद्यार्थ्याला बोलावलं, त्याने कपडे बदलले आणि शेवटपर्यंत बाजूला तयार उभा राहिला. त्याला खेळायला लागलंच नाही, टीम २२-१४ ने जिंकली. पण तो उभा होता म्हणून आजही सगळे उभे राहतात आणि स्वतःला बारावा माणूस म्हणवतात.

सगळ्यात मोठ्या आवाजाचं स्टेडियम कोणतं? आमच्या ग्रुपमध्ये यावरून भांडणं झालीयेत. एक जण म्हणतो अ‍ॅन आर्बर, कारण सगळ्यात मोठं. — एक वाचक, सिअ‍ॅटल

सिअ‍ॅटलला बसून हा प्रश्न? तुमच्याच गावात १९९२ साली हस्की स्टेडियमवर वॉशिंग्टन विरुद्ध नेब्रास्का मॅचला टीव्हीवाल्यांनी १३३.६ डेसिबल मोजले होते, आणि कॉलेज फुटबॉलच्या गप्पांत अजून हाच आकडा निघतो. मात्र मीटर कुठे धरला यावर आकडा बदलतो, त्यामुळे एका गावचा आकडा दुसऱ्या गावच्या आकड्याशेजारी ठेवून फार भांडू नका.

मोठं स्टेडियम म्हणजे मोठा आवाज नाही, हे तुमच्या मित्राला सांगा आणि मी मिशिगनवाला असून सांगतोय असंही सांगा. मिशिगन स्टेडियम १९२७ चं, बसायची जागा १,०७,६०१, देशात सगळ्यात जास्त, पण ते जमिनीत खोदलेलं पसरट परात आहे. बाहेरून बघितलं तर वाटतं एवढंसंच? आत गेलं की पायाखाली दरी. उतार कमी, वर छप्पर नाही, त्यामुळे आवाज सरळ आकाशात जातो. २०१० मध्ये दोन्ही बाजूंना उंच बांधकाम झालं, त्या भिंतींवर आवाज आदळून परत यायला लागला, तेव्हापासून खूप फरक पडला. तुमच्या हस्कीला दोन्ही बाजूंना छप्पर पुढे आलेलं आहे, आवाज तिथे आपटून खाली मैदानातच येतो. आणि ओरेगनचं ऑट्झन बघा, जागा जेमतेम ५४,०००, म्हणजे आमच्या निम्मी, पण मैदान खाली आणि माणसं अगदी कडेला, तिथे खेळून आलेले लोक सांगतात की तिथला आवाज अंगावर येतो. आपलं खासबागचं कुस्तीचं मैदान आठवा, मधे खोल हौदा आणि भोवती चढत गेलेली माणसं, शाहू महाराजांना हे शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं.

तरीपण एक रात्र सांगतो. १० सप्टेंबर २०११, मिशिगन स्टेडियममधली पहिली रात्रीची मॅच, नोत्र दामविरुद्ध, १,१४,८०४ लोक. शेवटचा क्वार्टर सुरू झाला तेव्हा आम्ही ७-२४ ने मागे, पुढच्या रांगेतले एक आजोबा घरी निघाले होते, त्यांच्या बायकोने हात धरून बसवलं. शेवटच्या ७२ सेकंदांत आघाडी तीनदा बदलली. ३० सेकंद उरलेले असताना नोत्र दाम ३१-२८ पुढे, आणि २ सेकंद उरले तेव्हा डेनार्ड रॉबिन्सनने रॉय राउंडट्रीला कोपऱ्यात पास दिला. ३५-३१. मला त्या क्षणाचा आवाज आठवतच नाही, फक्त बाकाचं अ‍ॅल्युमिनियम पायाखाली थरथरत होतं ते आठवतं, आणि ते आजोबा मला मिठी मारून रडत होते, नाव गाव काही माहीत नाही एकमेकांचं.

मिसिसिपी स्टेटला लोक गुरांच्या गळ्यातल्या घंटा घेऊन येतात हे खरंय का? — एक वाचक, बारामती

खरंय. १९७४ मध्ये त्यांच्या कॉन्फरन्सने, म्हणजे ज्या गटात ते खेळतात त्याने, आवाज करणाऱ्या वस्तूंवर बंदी घातली तरी लोक कोटात लपवून न्यायचे. शेवटी २०१० मध्ये तडजोड झाली, ठरलेल्या वेळीच वाजवायच्या, सेंटर बॉलवर वाकला की बंद. नियम कुठल्या क्षणी लागतो ते बघा म्हणजे वरच्या डोंबिवलीकरांना आणखी एक पुरावा मिळेल.

मुलगी पेन स्टेटला आहे, आम्ही दोघं आणि चार वर्षांचा नातू व्हाइटआउटच्या मॅचला जाणार आहोत. नातवाला न्यावं का? — एक आजी, ठाणे

आजी, व्हाइटआउट म्हणजे रात्री एक लाखाच्या वर लोक पांढरे कपडे घालून एकत्र ओरडणार. नेऊ नका असं मी म्हणणार नाही, पण नातवाला कानावर बसणारे इअरमफ हवेतच, कापसाचे बोळे नाही चालणार. कारखान्यात काम करणाऱ्या मोठ्या माणसांसाठी इथला हिशोब असा आहे की ८५ डेसिबलला आठ तास चालतात आणि १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं, आणि ही मॅच तीन-साडेतीन तासांची, तीही पोराच्या कानाला. आधी घरी दोन-तीन दिवस टीव्ही बघताना घालून सवय करा, नाहीतर तिथे गेल्यावर काढून टाकेल. तुम्ही दोघांनीही साधे फोमचे प्लग लावा, लाज वाटून घेऊ नका, माझ्या खिशात कायम असतात. बॅग आत सोडत नाहीत किंवा पारदर्शकच लागते, म्हणून इअरमफ त्याच्या गळ्यातच अडकवून न्या. बसायला थंडगार बाक असतात, जाड चादर घ्या. आणि दुसऱ्या क्वार्टरनंतर तो झोपला तर निघा, मुलीला थांबू द्या.

तिकीट काढायचंय, पहिल्यांदाच. कुठे बसू? पैसे बेताचे आहेत. — एक वाचक, सध्या डेट्रॉइट

सगळे ५० यार्डाच्या रेषेजवळ जागा शोधतात आणि तिथेच सगळ्यात जास्त पैसे लागतात. तू मैदानाच्या टोकाला, एंडझोनच्या मागे, वरच्या रांगेत घे, स्वस्त मिळेल. बाजूने बघितलं की सगळी लाईन एकामागे एक झाकली जाते, नुसता गर्दीचा ढीग दिसतो. मागून वरून बघितलं की पाचही जण ओळीत दिसतात, दोघांमधली फट उघडताना दिसते, वळसा घालणारा गार्ड निघाला की पळणाऱ्याच्या आधी तुला कळतं बॉल कुठे जाणार. कोच लोक मॅचचं रेकॉर्डिंग बघतात त्यात हा कोन हमखास असतो. आणि दोन गोष्टी पाळ, आपला बॉल असेल तेव्हा गप्प, अगदी गप्प, आपल्या टॅकलला ऐकू जाऊ दे, आणि त्यांचा तिसरा डाऊन आला की उभा राहून जेवढा आहे तेवढा आवाज काढ.

२०२१ च्या त्या मॅचला मी तसाच वर बसलो होतो. दुसऱ्या हाफमध्ये आम्ही पळणारच हे ओहायो स्टेटला माहीत होतं, आम्हाला माहीत होतं, शेजारच्या पॉपकॉर्नवाल्यालाही माहीत होतं, तरी हसन हॅस्किन्सने मॅचमधल्या पाच टचडाऊनपैकी चार तेव्हाच केले. वरून दिसायचं ते असं, बर्फात पाच निळी हेल्मेट एकदम खाली जायची, समोरची राखाडी ओळ एक पाऊल, मग दोन पावलं मागे सरकायची, आणि मधे हिरवं गवत उघडायचं, हॅस्किन्स तिथे पोचायच्या आधी.